तीन गावं, एकच पणजोबा? इंग्लंडच्या जनगणनेतून आणि पॅरिश नोंदींतून पूर्वज शोधताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान इंग्लंडचे आणि सासूबाईंचं माहेर लँकेशरमधल्या बोल्टनचं. सासूबाईंच्या पणजोबांचा १८६८ चा लग्नाचा दाखला घरात जपून ठेवलेला आहे. त्यावर वयाच्या रकान्यात फक्त ‘सज्ञान’, वडिलांचं नाव विल्यम, धंदा विणकर. पणजोबांचं नाव जॉन आणि आडनाव त्या भागात गल्लोगल्ली सापडणारं. १८७१ च्या जनगणनेत त्यांचं जन्मगाव टर्टन लिहिलंय, १८८१ मध्ये एजवर्थ, १८९१ मध्ये नुसतं बोल्टन, आणि वय दर वेळी एक-दोन वर्षांनी मागेपुढे. १८५१ मध्ये ते सापडतच नाहीत. त्यांचा एक भाऊ फौजेत होता आणि त्याची मुलगी आपल्या खडकीला जन्मली, असं सासूबाई सांगतात. इंटरनेटवर मात्र कुणीतरी याच आडनावाची थेट १६१० पर्यंतची वंशावळ टाकली आहे आणि तीत ‘विल्यमचा मुलगा जॉन’ आहे. तो आपलाच धरून मुलांसाठी वंशावळ छापून घ्यावी का, असं तुम्ही विचारता.

इतक्यात छापू नका. ती वंशावळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण तो जॉन तुमचा आहे हे अजून कुणीच दाखवलेलं नाही, आणि या कामात सगळं अडतं ते तिथेच.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आपला पूर्वज स्वतः येऊन नाव, गाव, बापाचं, आजाचं, भावांचं नाव सांगून जायचा. नातं त्या नोंदीतच बांधलेलं असायचं. पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या, वहीत तसं नसतं. तिथल्या पाद्र्याने त्याच्या चर्चमध्ये त्या दिवशी काय झालं तेवढंच लिहिलं: अमक्याचा बाप्तिस्मा, तमक्याचं दफन. १८१५ साली बाप्तिस्मा झालेलं बाळ आणि १८३८ साली लग्न केलेला तरुण एकच, हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नसतं. ते आपण सिद्ध करायचं असतं, दर पिढीला नव्याने. इंटरनेटवरच्या बहुतेक लांबलचक वंशावळी इथेच ढासळतात. नावं जुळतात, सालं साधारण जुळतात, आणि माणूस भलताच असतो.

म्हणून हातातल्या पुराव्यापासून एकेक पायरी मागे जायचं. तुमच्या बाबतीत पायऱ्या स्पष्ट आहेत. जॉन १८४२ ते १८४५ च्या सुमाराचे, म्हणजे सरकारी जन्मनोंदणी सुरू झाल्यानंतरचे. त्यांचे वडील विल्यम त्याआधीचे, म्हणजे त्यांच्यासाठी चर्चच्या वह्या. आणि या दोघांना जोडणारा पूल म्हणजे १८५१ ची जनगणना, जी तुम्हाला अजून सापडलेली नाही.

आधी जनगणनेचं सांगते, कारण तिच्याकडून लोक नको तितक्या अचूकपणाची अपेक्षा करतात. इंग्लंडमध्ये दहा वर्षांनी शिरगणती १८०१ पासून सुरू झाली, पण पहिल्या चार वेळा सरकारला मुख्यतः आकडे हवे होते. माणसांची नावं देशभर पद्धतशीर मिळतात ती ६ जून १८४१ पासून. त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. म्हणून ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो, आणि काही कारकुनांनी ती सूचना पाळलीच नाही. नातंही लिहिलेलं नसतं. एका छपराखालची बाई बायको की बहीण, हे कळायला मार्ग नाही. जन्माबद्दल ‘याच काउंटीत (जिल्ह्यात) का?’ आणि नसेल तर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेश, एवढंच. ३० मार्च १८५१ च्या गणनेपासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालंय की नाही, वय, धंदा आणि जन्माची काउंटी व पॅरिश असे रकाने आले. आपल्या कामाची खरी सुरुवात तिथून.

आता ही माहिती कागदावर कशी यायची ते बघा. प्रगणक घरोघरी तक्ता देऊन जायचा. घरच्यांनी तो भरायचा, लिहिता येत नसेल तर प्रगणकाने विचारून भरायचा. मग ते सगळे तक्ते तो एका वहीत उतरवून काढायचा. १८४१ ते १९०१ साठी आपण पाहतो ती ही उतरवलेली वही. घराघरांतले मूळ तक्ते नष्ट केले गेले. पुढे लंडनच्या कारकुनांनी मोजणी करताना त्याच पानांवर तिरक्या रेघा मारल्या, त्यात कित्येक वयं झाकली गेली. अर्धा शिकलेला गिरणीकामगार दमून घरी आलाय, त्याला कुणीतरी विचारतंय तुझा जन्म कुठला, आणि तो सांगतोय. ते उत्तर दोनदा लिहिलं गेलं आहे, आधी तक्त्यात, मग वहीत. एक-दोन वर्षांचा फरक पडला तर नवल नाही. मी वयातल्या तीन वर्षांपर्यंतच्या फरकाकडे काणाडोळा करते. त्याहून जास्त असेल तरच थांबून विचार करते.

१९११ चं वर्ष यात वेगळं आहे. तिथे घरच्यांनी भरलेले मूळ तक्तेच जपले गेले, त्यामुळे क्वचित पूर्वजाचं स्वतःचं हस्ताक्षर बघायला मिळतं. शिवाय त्या वर्षी विवाहित स्त्रियांसाठी एक प्रश्न होता: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती जिवंत आहेत, किती गेली. तुम्ही जमवलेली मुलांची यादी त्या आकड्याशी ताडून पाहा. एखादं मूल दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत जन्मून गेलेलं असतं आणि त्याचं नाव घरात कुणाच्या तोंडी उरलेलं नसतं. सासूबाईंचे आजोबा १८८५ च्या आसपासचे असतील तर ते १९११ आणि १९२१ दोन्हीत सापडायला हवेत. १९२१ मध्ये तर कोणत्या मालकाकडे कामाला होते तेही असतं. त्यापुढची १९३१ ची गणना आगीत जळून गेली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. ही पोकळी काहीशी भरून काढते ती २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही. तिच्यात जन्मतारीख पूर्ण दिलेली असते.

तुमच्या तीन जन्मगावांचं कोडं मात्र कारकुनाच्या चुकीचं नाही. ते भूगोलाचं आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये एक गाव, एक चर्च, एक पॅरिश असं सरळ चित्र बरेचदा असतं. लँकेशरच्या डोंगराळ भागात पॅरिश प्रचंड मोठे होते. बोल्टनच्या जुन्या पॅरिशचं पूर्ण नाव बोल्टन-ल-मूर्स. त्याच्या पोटात कितीतरी टाउनशिप, म्हणजे पॅरिशचे छोटे पोटविभाग, होत्या: ग्रेट बोल्टन, लिटल बोल्टन, शार्पल्स, हारवुड, एन्टव्हिसल, आणि टर्टन व एजवर्थसुद्धा. टर्टन आणि एजवर्थ एकमेकांना लागून आहेत. सीमेजवळच्या वाडीत जन्मलेला माणूस एका प्रगणकाला टर्टन सांगेल, दुसऱ्याला एजवर्थ. आणि पॅरिशचंच नाव द्यायचं तर बोल्टन. तिन्ही उत्तरं खरी असू शकतात. उलट हे तीन शब्द एकत्र पाहून माझा विश्वास वाढला, की तिन्ही जनगणनांतला माणूस बहुधा एकच आहे आणि त्याची मुळं शहराच्या उत्तरेच्या त्या पट्ट्यात आहेत. काम सुरू करण्याआधी १८४० च्या दशकातला ऑर्डनन्स सर्वे या सरकारी नकाशा खात्याचा सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा उघडा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. वाड्यांची, शेतघरांची नावंसुद्धा त्यावर आहेत. तासभर तो नकाशा वाचलात तर पुढचे कित्येक दिवस वाचतील.

१८५१ मध्ये जॉन सापडत नाहीत, कारण तुम्ही नाव-आडनाव टाकून शोधताय. हस्तलिखितावरून यादी करणाऱ्याने आडनाव कसं वाचलं असेल ते आपल्या हातात नाही. आडनावाचा रकाना रिकामा ठेवा. नाव विल्यम, धंदा विणकर, जन्मगाव टर्टन किंवा एजवर्थ, घरात पाच ते नऊ वर्षांचा जॉन, एवढं टाकून पाहा. फ्रीसेन आणि फॅमिलीसर्च ही संकेतस्थळं फुकट आहेत, पण प्रत्येकाकडे प्रत्येक साल नाही. १८८१ ची पूर्ण यादी फॅमिलीसर्चवर आहे. अॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट यांना पैसे पडतात, पण इंग्लंडमधल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत त्यातलं एखादं फुकट वापरता येतं. तुमच्या वाचनालयात विचारा. तरीही नाही मिळालं तर त्या टाउनशिपची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढा. कंटाळवाणं वाटेल, पण मी हे आनंदाने करते. शेजारी कोण, मामा-काका दोन घरं सोडून राहतात का, कुठली घरं विणकरांची आणि कुठली कोळशाच्या खाणीतल्या मजुरांची, हे सगळं असं वाचतानाच कळतं.

घर सापडलं, की जॉनला थोडं बाजूला ठेवा आणि त्याच्या भावंडांकडे बघा. ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. नोंदींची सूची दर तीन महिन्यांची असते. बोल्टन जिल्ह्यात १८४२ ते १८४५ या काळात तुमच्या आडनावाचे जॉन अनेक निघतील, आणि त्यातून अंदाजाने एक उचलायचा मोह होईल. तो टाळा. जुन्या छापील सूचीत १९११ पर्यंत आईचं माहेरचं आडनाव नसायचं. पण जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाने अलीकडे केलेल्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासूनच्या जन्मांना दिलेलं आहे, आणि मृत्यूंना वयही. खातं उघडलं की शोध फुकट. आता १८५१ च्या घरात जॉनला एखादी बहीण असेल जिचं नाव त्या भागात विरळ, टॅबिथा किंवा केझाया असलं बायबलमधलं, तर त्या आडनावाची तशी मुलगी सूचीत एकच असेल. तिच्यासमोर आईचं माहेरचं आडनाव मिळतं. मग तेच आडनाव धरून जॉनकडे या. समजा आठ जॉन निघाले, तर त्यांतले बहुतेक गळून पडतात, एखाद-दुसरा उरतो. उरलेल्याच्या जन्मनोंदीची प्रत मागवा. काही पौंडांत मिळते आणि त्या पैशांचं पुरेपूर सार्थक होतं.

दाखला हाती आला की वडिलांचं नाव आणि धंदा १८६८ च्या लग्नाच्या दाखल्याशी, पत्ता १८५१ च्या घराशी ताडून पाहा. तीन वेगवेगळ्या प्रसंगी, तीन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या नोंदी एकच गोष्ट सांगत असतील तर ती पिढी पक्की. जन्माच्या दाखल्यावर वेळ दिलेली असेल तर जुळं असण्याची शक्यता बघा, कारण इंग्लंडमध्ये वेळ बहुधा जुळ्यांसाठीच लिहीत. वडिलांचा रकाना कोरा असेल तर आई बहुधा अविवाहित होती. अशा मुलाने पुढे लग्नाच्या वेळी सावत्र बापाचं, आजोबांचं किंवा एखादं काल्पनिक नाव ‘वडील’ म्हणून सांगितल्याची उदाहरणं खूप आहेत. आणि नोंदच मिळाली नाही, तरी धीर सोडू नका. १८७५ पर्यंत जन्म नोंदवला नाही म्हणून आईबापांना दंड नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत बरीच मुलं सुटली. अशा वेळी बाप्तिस्म्याची नोंद तीच जागा घेते. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र विसंबू नका. स्कॉटलंडसारखी आईवडिलांची नावं इंग्लंडच्या मृत्यूनोंदीत नसतात.

आता विल्यम, आणि चर्चच्या वह्या.

पॅरिशमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहायचा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेलने १५३८ साली काढला. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी सुटे कागद वापरले गेले, आणि ते टिकले नाहीत. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वहीत उतरवून काढा, निदान एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी, असा आदेश झाला. म्हणूनच इतक्या पॅरिशच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ पासून सुरू होतात. त्याच सुमाराला दर वर्षीच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धतही आली. या बिशपच्या नकला फार मोलाच्या आहेत. मूळ वही ओलीने, उंदरांनी, आगीने गेली तरी नक्कल उरते. आणि दोन्ही उरल्या असतील तर दोन्ही बघा, कारण एकीत नसलेला तपशील दुसरीत सापडतो. बोल्टन १८४७ पर्यंत चेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीत होतं, मग मँचेस्टरचा नवा धर्मप्रांत झाला. जुनं दप्तर शोधताना हे लक्षात ठेवा.

विल्यम १८१३ नंतर जन्मले असतील तर तुम्ही नशीबवान. त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून छापील नमुने आले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण आणि वडिलांचा धंदा, दफनाच्या नोंदीत वय आणि ठिकाण. ‘एजवर्थ, विणकर’ एवढे दोन शब्द मिळाले तरी एका विल्यमला दुसऱ्यापासून वेगळं काढता येतं. १८१३ च्या मागे गेलात की सगळं त्या त्या पाद्र्याच्या स्वभावावर. कुणी फक्त ‘विल्यम, जॉनचा मुलगा’ लिहून मोकळा, आईचं नावसुद्धा नाही. याच्या उलट यॉर्कशरमध्ये विल्यम डेड नावाच्या पाद्र्याने १७७० च्या दशकात अशी पद्धत घालून दिली, की बाळाचे आजी-आजोबा दोन्हीकडचे, त्यांचे धंदे, त्यांची गावं, बाळ कितवं, सगळं एका ओळीत. अशी नोंद हाती आली की मला दिवसभर बरं वाटतं. लँकेशरमध्ये तेवढी चैन सहसा मिळत नाही, पण लँकेशर ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स या स्वयंसेवकांनी लाखो नोंदी टंकून फुकट ठेवल्या आहेत, आणि लँकेशर पॅरिश रजिस्टर सोसायटी १८९७ पासून जुन्या वह्या छापते आहे. या याद्यांतून शोधा, पण निर्णय मूळ पानाचं छायाचित्र पाहूनच करा. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं ‘दत्तक’, ‘गरीब’ किंवा ‘खाजगीत बाप्तिस्मा’ यादीत बरेचदा येत नाही.

समजा, १८१५ च्या आसपास बोल्टन पॅरिशमध्ये तुमच्या आडनावाच्या एका विल्यमचा बाप्तिस्मा सापडला. गाव जुळतं, साल जुळतं. बहुतेक लोक इथे थांबतात आणि झाडाला फांदी जोडतात. मी इथे दफनाची वही उघडते. त्या काळी लहान मुलं फार जात. तुम्हाला सापडलेला विल्यम आठ महिन्यांचा असतानाच गेला असेल आणि तेच नाव आईवडिलांनी दोन वर्षांनी पुढच्या मुलाला दिलं असेल. जो पुरला गेला तो १८३८ ला लग्न करू शकत नाही, इतकी ही साधी गोष्ट. पण ती तपासल्याशिवाय जोडलेल्या वंशावळी मी रोज बघते, आणि मेलेल्या बाळाच्या नावावर पुढच्या सहा पिढ्या उभ्या असतात. म्हणून एका विल्यमवर समाधान मानू नका. त्या पॅरिशमध्ये आणि आसपासच्या चॅपलांमध्ये १८१० ते १८२० दरम्यान बाप्तिस्मा झालेले त्या नावाचे सगळे विल्यम एका कागदावर लिहा. मग प्रत्येकाचा पुढचा माग काढा: हा लहानपणी वारला, हा खाणीत गेला आणि १८५१ ला बायकोमुलांसह वेगळ्या घरात आहे, हा दक्षिणेकडच्या टाउनशिपचा. बाकी सगळ्यांचा हिशेब लागला आणि एकच उरला, की तो आपला म्हणायला आधार आहे.

चॅपल म्हटलं म्हणून सांगते. मुख्य चर्च दूर असल्याने टर्टनसारख्या ठिकाणी त्याच पॅरिशची उपासनालयं होती. बाप्तिस्मा तिथे होई, पण अशा अनेक उपासनालयांत लग्नं लावायची मुभा नव्हती. त्यामुळे लग्न बोल्टनच्या सेंट पीटर्समध्ये, नाहीतर थेट मँचेस्टरला, हे नेहमीचं. १७५४ ते १८३७ या काळात तर क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायदेशीर लग्नासाठी अँग्लिकन चर्चमध्येच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमध्येच, जावं लागे, मग घरचा पंथ कुठलाही असो. बोल्टनमध्ये चर्च ऑफ इंग्लंडपासून फुटून निघालेल्या पंथांचं चांगलंच बळ होतं. विल्यमचं लग्न सेंट पीटर्समध्ये सापडतं पण बाप्तिस्मा कुठेच नाही, असं झालं तर मेथडिस्ट, युनिटेरियन, इंडिपेंडंट यांच्या वह्या बघा. १८३७ नंतर त्यांतल्या बहुतेक सरकारजमा झाल्या आणि आज लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी ४ या शीर्षकाखाली आहेत. मुलाचा बाप्तिस्मा तान्हेपणीच व्हायचा असंही नाही. चार भावंडांचे एकाच रविवारी उरकलेले बाप्तिस्मे मी कितीतरी पाहिले आहेत.

गरीब माणसाचा माग आणखी एका ठिकाणी लागतो. १६६२ च्या कायद्यानुसार निराधाराला पोसायची जबाबदारी त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशची असे, म्हणून कुणी आजारी पडला, नवरा गेला, की अधिकारी चौकशी करत: जन्म कुठला, उमेदवारी कुठे केली, घरभाडं किती भरलं. त्या जबान्या टिकल्या असतील तर एका फाटक्या विणकराचं सगळं आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकायला मिळतं. श्रीमंतांची मृत्युपत्रं असतात, गरिबांच्या या जबान्या. लँकेशरसाठी प्रेस्टनचं अभिलेखागार आणि बोल्टनचं स्थानिक दप्तर, दोन्हीकडे विचारणा करा.

आता फौजेतला भाऊ. त्याला तुम्ही प्रश्नाच्या शेवटी एका ओळीत ठेवलंय, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश लष्करातून पेन्शनवर निवृत्त झालेल्या शिपायांचे सुटकेचे कागद क्यूला डब्ल्यूओ ९७ या शीर्षकाखाली आहेत, आणि त्यांत सहसा जन्माचा पॅरिश, भरतीच्या वेळचं वय आणि आधीचा धंदा असतो. जॉनबद्दल जो प्रश्न जनगणना सोडवत नाही, तो त्याच्या सख्ख्या भावाच्या या कागदाने सुटू शकतो. नोकरीत असतानाच वारलेल्यांचे कागद त्यात नसतात, हे लक्षात असू द्या.

खडकीच्या मुलीसाठी चर्चच्या इंग्लंडमधल्या वह्या उपयोगाच्या नाहीत. मुंबई इलाख्यातल्या छावण्यांचे पाद्री आपल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला वरती पाठवत, आणि त्या लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत: बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२ आणि मुंबईसाठी एन/३. बऱ्याचशा फाइंडमायपास्टवर दिसतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांचा हुद्दा आणि पलटण असते, आणि पलटण कळली की बाकीचे लष्करी कागद शोधणं सोपं होतं. शोधताना खडकी ‘किर्की’ आणि पुणे ‘पूना’ किंवा ‘पूनाह’ असं लिहिलेलं असणार; इंग्लंडच्या जनगणनेत बहुधा नुसतं ‘ईस्ट इंडीज’. कुटुंब परत आलं असेल तर १८७१ किंवा १८८१ मध्ये बोल्टनच्या एखाद्या घरात ‘ईस्ट इंडीज’ला जन्मलेली पुतणी पाहुणी म्हणून बसलेली सापडेल. तशी सापडली तर सासूबाईंच्या ऐकीव गोष्टीला पहिला लेखी आधार मिळाला.

राहिली १६१० ची वंशावळ. ती टाकणाऱ्याला नम्रपणे लिहा आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, त्याच्या विल्यमचं लहानपणी दफन झालेलं नाही हे त्याने पाहिलंय का. दुसरी, १७५२ आधीच्या तारखा त्याने कशा वाचल्या. तोपर्यंत इंग्लंडचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणजे वहीतला फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७२१. मे १७२० ला लग्न आणि ‘त्याच वर्षी’ फेब्रुवारीत मूल, हे पाहून कुणी दोन वेगळी कुटुंबं कल्पिली असतील तर पुढचं सगळं चुकलं. तिसरी आणि सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे १६४० ते १६६० ही वीस वर्षं. यादवी युद्धात देशभर वह्या विस्कळीत झाल्या, आणि बोल्टनवर तर २८ मे १६४४ ला राजाच्या बाजूने लढणाऱ्या राजपुत्र रूपर्टच्या सैन्याने हल्ला करून मोठी कत्तल केली. त्या पिढीत ‘हा त्याचा मुलगा’ असं ठामपणे म्हणायचं तर मृत्युपत्र, जमिनीचा करार, असं चर्चबाहेरचं काहीतरी हवं. त्याच्याकडे तसं असेल तर मला ते बघायला खरंच आवडेल. नसेल, तर १६६० च्या पलीकडचं त्याच्याच वंशावळीत राहू द्या.

माझ्या अनुभवात लँकेशरच्या विणकर घराण्याला १७५० च्या आसपासपर्यंत नीट पोचता आलं तर ते उत्तम काम. मुलांसाठी काही छापायचंच असेल तर आत्ता १८६८ चा दाखला, १८७१ पासूनच्या जनगणनांची पानं आणि तो जुना नकाशा एवढं छापा, आणि विल्यमच्या वरची जागा मोकळी सोडा. १८५१ चं घर सापडलं की त्यातल्या सगळ्या भावंडांची नावं आणि वयं मला कळवा. आईचं माहेरचं आडनाव आपण तिथूनच काढू.